अकोटहून ऐंशी सर्व्हर

आमच्या कंपनीचे सर्व्हर ज्याने उभे केले होते, त्याने 2019 च्या शेवटी राजीनामा दिला आणि त्या यंत्रांविषयीची निम्मी माहिती त्याच्याबरोबर गेली. माणूस सज्जन. जाताना त्याने रीतसर हँडओव्हर दिला: एक एक्सेल शीट, त्यात सर्व्हरची नावं, आयपी पत्ते आणि ‘रिमार्क’ असा एक रकाना. त्या रकान्यात ‘नॉर्मल’, ‘जुना आहे, जपून’, ‘रिस्टार्ट करू नये’ अशा नोंदी होत्या. रिस्टार्ट का करू नये, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याला ते पाठ होतं आणि तो होता तोवर तेवढं पुरत होतं.

कंपनी पुण्याची. महाविद्यालयांचे प्रवेश, फी आणि गुणपत्रकं सांभाळणारं सॉफ्टवेअर ती चालवते. ऐंशीच्या आसपास लिनक्स सर्व्हर, बहुतेक मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये. जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की त्यांच्यावर झुंबड उडते, एरवी शांतता असते. ते सांभाळणाऱ्या छोट्या टीममधला मी एक, मूळचा अकोटचा. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीची चिन्हं दिसू लागली, तेव्हा थोड्या दिवसांच्या हिशेबाने लॅपटॉप घेऊन गावी आलो. 25 मार्चला देश बंद झाला आणि तो हिशेब तिथेच संपला.

अकोट अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कपाशी, संत्रा, केळी आणि पानपिंपरीचा मुलूख. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे गेज बदलण्यासाठी 2017 मध्ये बंद झाली होती. अकोला-अकोट ब्रॉडगेजवर गाडी धावली ती थेट 2022 मध्ये. मधल्या काळात पुणं गाठायचं तर आधी एसटीने अकोला, मग पुढची गाडी. आणि टाळेबंदीत तेही नाही. ‘जरा ऑफिसात येऊन बघून जा’ हा मार्ग सगळ्यांसाठीच बंद झाला होता. सर्व्हरला हात लावायचा तर तो घराच्या माडीवरून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आणि वीज असेपर्यंत.

बाबांना या कामाचं कुतूहल होतं. शेतावरून आले की माडीवर येऊन काळ्या पडद्याकडे बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी विचारलंच, “काहून रे, ते मशीन मुंबईले, तू अठी, अन् बिघडलं त तुले समजते कसं?”

प्रश्न नेमका होता. बिघडल्यावर समजत होतं. बिघडण्याआधी कुठलं यंत्र कशा अवस्थेत आहे, हे मात्र टीममधल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते मोजदादीचं. एक साधी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक सर्व्हरला तेच चार प्रश्न विचारले: तुझं घड्याळ किती वाजले म्हणतं, तुझ्यावर जावाची कुठली आवृत्ती आहे, तुझ्यात कोणकोणाला लॉगिन करता येतं आणि तुझे लॉग किती दिवस टिकतात. उत्तरं आली तेव्हा व्हिडिओ कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. काही यंत्रं भारतीय वेळ दाखवत होती, काही जागतिक वेळ. म्हणजे एकाच घटनेच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचं अंतर. दोन-तीन घड्याळं तर दोन्हींशी फटकून होती. एकाच कामासाठी शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन सर्व्हरवर जावाच्या दोन आवृत्त्या होत्या. लॉग कुठे आठवडाभर राहत होते, कुठे डिस्क भरेपर्यंत. आणि कंपनी सोडून गेलेल्या कितीतरी लोकांच्या लॉगिनच्या चाव्या अजून जागेवर होत्या. त्यांतल्या एकानेही त्या वापरल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

हे सर्व्हर सुरुवातीला एकसारखेच होते. मग कुणी रात्री अडचण आली म्हणून एका यंत्रावरची मर्यादा वाढवली, कुणी दुसऱ्यावर चाचणीसाठी एक पॅकेज टाकलं आणि काढायचं राहिलं. प्रत्येक बदल त्या क्षणी योग्य होता. हळूहळू होणाऱ्या या फारकतीला या धंद्यात ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. तो दिसत नाही, म्हणून त्याचा धोकाही मनावर घेतला जात नाही.

तो धोका किती महाग पडू शकतो, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातलं आहे. नाइट कॅपिटल ही तिथली मोठी दलाल कंपनी. 2012 च्या जुलैअखेर तिने आपल्या आठ सर्व्हरवर नवी प्रणाली चढवायला घेतली. सात सर्व्हरवर ती चढली, आठव्यावर चढवायची राहिली. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या प्रणालीने जी खूण वापरायला घेतली, तीच त्या जुन्या कोडला जागं करणारी होती. 1 ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर भराभर नको असलेले सौदे करत सुटला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. पुढे अमेरिकेच्या बाजार नियामकाने 2013 मध्ये दिलेल्या आदेशात कारण साध्या शब्दांत नोंदवलं: एका तंत्रज्ञाने आठव्या सर्व्हरवर कोड नेला नाही आणि दुसऱ्या कुणी ते तपासावं अशी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती.

आठ सर्व्हरची ही गत. आमच्याकडे ऐंशी होते.

या दुखण्यावरचं औषध जुनं आहे. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ विभागातले तऱ्हेतऱ्हेचे युनिक्स संगणक सांभाळता सांभाळता वैतागला आणि 1993 मध्ये त्याने सीएफइंजिन लिहिलं. त्याची मूळ कल्पना अशी, की यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे हुकूम सोडायचे नाहीत. यंत्र शेवटी कसं दिसलं पाहिजे, त्याचं वर्णन लिहून द्यायचं. सॉफ्टवेअरने प्रत्येक यंत्र त्या वर्णनाशी ताडून बघायचं आणि फरक असेल तेवढाच दुरुस्त करायचा. पुढे 2005 मध्ये ल्यूक केनीजचं पपेट आलं, 2009 मध्ये शेफ, 2011 मध्ये सॉल्ट आणि 2012 मध्ये मायकल डीहानचं अँसिबल. अँसिबल 2015 मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. रेड हॅटचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, तिथेही अँसिबलवर काम करणारे इंजिनिअर आहेत आणि पुण्यात त्याच्या वापरकर्त्यांचे मेळावे भरतात. कुठे अडलं तर मराठीत विचारता येईल अशी माणसं पुण्यात होती, हेही आम्ही अँसिबल निवडण्यामागचं एक कारण होतं.

दुसरं आणि मोठं कारण असं, की पपेट किंवा शेफ वापरायचं तर साधारणपणे प्रत्येक सर्व्हरवर त्यांचा एक एजंट बसवावा लागतो. अँसिबलला तसं काही लागत नाही. सर्व्हरवर पायथन आणि दुरून लॉगिन करण्याची एसएसएचची वाट असली की भागतं, आणि लिनक्स सर्व्हरवर ही दोन्ही बहुधा असतातच. ज्या यंत्रांवर काय काय आहे तेच धड माहीत नाही, त्यांच्यावर आणखी एक नवी गोष्ट बसवायची वेळ आली नाही.

अँसिबलचं काम तीन प्रकारच्या साध्या मजकुरी फायलींत मावतं. पहिली इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरची गटवार यादी: वेब, डेटाबेस, बॅकअप. दुसरी प्लेबुकं, म्हणजे कुठल्या गटावर काय असायला हवं त्याचं वर्णन: अमुक पॅकेज असावं, तमुक सेवा चालू असावी, अमक्या फाइलचा मजकूर असा असावा. तिसरी व्हेरिएबल्स, म्हणजे गटागणिक बदलणाऱ्या किमती. प्लेबुक रन केलं की पडद्यावर ओळी येऊ लागतात. हिरवी ओळ म्हणजे आधीच ठीक होतं, पिवळी म्हणजे बदल केला, लाल म्हणजे जमलं नाही. तेच प्लेबुक लगेच पुन्हा रन केलं तर सगळं हिरवं यायला हवं. आलं नाही तर वर्णन लिहिण्यातच काहीतरी गफलत आहे.

फायली लिहायच्या ती यामलची पद्धत सोपी आहे, पण सोवळं कडक. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडायला टॅब चालत नाही, मोजून स्पेसच द्याव्या लागतात. फाइलची परवानगी 0644 लिहायच्या जागी टीममधल्या एका नव्या मुलाने शून्य गाळून नुसतं 644 लिहिलं. अँसिबलने तो आकडा दशमान धरला, अष्टमानात त्याचा 1204 झाला आणि फाइलच्या मालकालाच ती वाचता येईना. चाचणीच्या यंत्रावर हे घडलं म्हणून हसण्यावारी गेलं. तेव्हापासून परवानग्या अवतरणचिन्हांत लिहायचा नियम झाला.

अकोटच्या वास्तवाने आमच्या रचनेत एक भर घातली. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं की वीज जाते आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. प्लेबुक लॅपटॉपवरून रन करायचं तर ते अर्ध्यात तुटणार. म्हणून डेटा सेंटरमध्येच एक छोटा सर्व्हर फक्त या कामासाठी ठेवला. अकोटहून, सांगलीहून, पुण्यातल्या घरून, जो तो त्याच्यावर लॉगिन करून, जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्स या प्रोग्राममध्ये काम सुरू करायचा. वीज गेली तरी काम तिकडे चालूच राहायचं. आल्यावर पुन्हा जोडून रंग बघायचे. कमकुवत लाइनवरून जायची ती फक्त अक्षरं, आणि तेवढं तर टूजीवरही जातं.

‘रिस्टार्ट करू नये’ या शेऱ्याचं कोडंही याच काळात सुटलं. त्या सर्व्हरवर परवाना तपासणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो कुणीतरी कधीकाळी हाताने सुरू केला होता आणि तो यंत्र चालू होताना आपोआप सुरू होणाऱ्या सेवांच्या यादीत नव्हताच. यंत्र बंद होऊन चालू झालं की तो उठणार नाही आणि गुणपत्रकांची छपाई थांबणार, एवढंच त्या शेऱ्यामागचं रहस्य होतं. नोकरी सोडलेल्या त्या मित्राला फोन केला तेव्हा त्याने ते एका वाक्यात सांगितलं. प्लेबुकमध्ये त्या प्रोग्रामची रीतसर सिस्टमडी सेवा झाली, तिच्यावर दोन ओळींची टीप पडली आणि एक्सेलमधला शेरा निघाला.

विरोध झालाच नाही असं नाही. टीममधले एक ज्येष्ठ सहकारी हाताने काम करण्यात वाकबगार. त्यांचं म्हणणं, “दोन मिनिटांचं काम आहे, तुम्ही फाइल लिहिण्यात दुपार घालवता.” हिशेब चुकीचा नव्हता, एका सर्व्हरपुरतं तसंच असतं. एका रात्री प्रवेशाच्या गर्दीत एक वेब सर्व्हर गुदमरला. त्यांनी हाताने एनजिनएक्सची एक मर्यादा वाढवली आणि गाडी रुळावर आली. सकाळी ठरल्या वेळी प्लेबुक रन झालं आणि त्याने ती मर्यादा जुन्या किमतीवर आणून ठेवली, कारण फाइलमध्ये तसंच लिहिलेलं होतं. अकराच्या सुमाराला तोच सर्व्हर पुन्हा गुदमरला.

त्या दिवशीची मीटिंग तापली. “तुमच्या त्या फाइलला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?” असं ते म्हणाले आणि त्यांचा राग रास्त होता. त्यातून दोन नियम निघाले. रात्रीच्या अडचणीत हाताने दुरुस्ती करायला कुणालाही मोकळीक, पण दुपारच्या आत ती फाइलमध्ये आली पाहिजे. आणि प्लेबुकने सकाळी उठून थेट बदल करायचे नाहीत. पहाटे फक्त तपासणीच्या मोडमध्ये फिरायचं आणि कुठे फरक आहे त्याची यादी सगळ्यांना पाठवायची. बदल माणसाने यादी वाचल्यावर. पुढे नवल असं झालं, की सगळ्यांत चांगली प्लेबुकं त्याच ज्येष्ठांनी लिहिली. कुठली मर्यादा का वाढवायची, हे त्यांना माहीत होतं. बाकीच्यांना नुसती वाक्यरचना येत होती.

ही पद्धत खरी कसाला लागली ती 2021 मध्ये. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगभरच्या वेबसाइटना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रं देते. तिच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत 30 सप्टेंबर 2021 ला, आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला संपणार होती. संस्थेने बरंच आधी सांगून ठेवलं होतं. प्रमाणपत्रं तपासणारं ओपनएसएसएल जुनं असलेल्या यंत्रांना मुदत संपल्यावर समोरची चांगली प्रमाणपत्रंही खोटी वाटणार होती. आमचे कितीतरी सर्व्हर त्या जुन्या गटातले. प्लेबुकात काही ओळी वाढल्या: जुनं मूळ प्रमाणपत्र अविश्वसनीय ठरव, विश्वासाची यादी नव्याने बांध. आठवडाभर आधी सगळीकडे ते फिरलं. 30 तारखेच्या संध्याकाळी जगभर कुठे कुठे सेवा अडल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्याकडे एकच सर्व्हर अडला. ग्राहकांना नमुना दाखवण्यासाठी विक्री विभागाने परस्पर घेतलेला तो सर्व्हर इन्व्हेंटरीत नव्हता.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत लॉगफोरजेचं प्रकरण आलं. 10 डिसेंबर 2021, शुक्रवार. जावाच्या असंख्य प्रोग्रामांत नोंदी लिहिण्यासाठी वापरली जाणारी ही फुकट लायब्ररी. तिच्यातल्या एका छिद्रातून बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. गांभीर्य दहापैकी दहा. दुरुस्तीची आवृत्ती 2.15.0 आली, मग तीही अपुरी म्हणून 2.16.0, मग 2.17.0, आणि वर्ष संपता संपता 2.17.1. हाताने काम करणाऱ्यांची त्या डिसेंबरात दर आठवड्याला नव्याने सुरुवात होत होती. आमच्याकडे कुठल्या यंत्रावर ती लायब्ररी आहे याचं उत्तर शुक्रवारी रात्रीच मिळालं आणि पुढच्या प्रत्येक फेरीत व्हेरिएबलच्या फाइलमधला एक आकडा बदलला. त्या शनिवारी घरात पाहुणे होते आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसता आलं, एवढी त्या आकड्याची किंमत अकोटच्या घरात मोजली गेली.

तिसरा प्रसंग खास भारतीय. 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग 180 दिवस भारतात जपून ठेवा आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. लहान उद्योगांना 25 सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. दोन वर्षांपूर्वी हाच हुकूम आला असता तर आमचा पावसाळा घड्याळं शोधण्यातच गेला असता. आता घड्याळाची एक फाइल होती, तिच्यात वेळ देणाऱ्या सर्व्हरची नावं बदलली. लॉगची एक फाइल होती, तिच्यात 180 लिहिलं. तपासनीसाने पुरावा मागितला तेव्हा ती फाइल, ती कधी आणि कुणी बदलली याचा, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधला इतिहास आणि ऐंशी हिरव्या ओळी एवढंच पुढे ठेवलं.

सगळं एका ठिकाणाहून हलवता आलं की सगळं एकदमच बिघडवताही येतं. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री व्हॉट्सॲप बंद पडलेलं अकोटातही लोकांना आठवतं. फेसबुकच्या अंतर्गत जाळ्याच्या देखभालीत दिलेल्या एका आदेशाने सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. असा आदेश अडवणारं तपासणीचं साधन होतं, त्यातच दोष निघाला. सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. म्हणून आमच्याकडे कुठलाही बदल आधी चाचणीच्या यंत्रावर, मग एका खऱ्या सर्व्हरवर, मग थोड्यांवर, मग सगळ्यांवर. एका टप्प्यावर लाल ओळ आली की पुढचं आपोआप थांबतं. आणि दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय एकही ओळ मुख्य फाइलमध्ये जात नाही. नाइट कॅपिटलकडे जी लेखी पद्धत नव्हती, ती हीच.

या क्षेत्रातले लोक एक उपमा नेहमी वापरतात: सर्व्हरला पाळलेल्या कुत्र्यामांजरासारखं नाव देऊन लाडावू नका, कळपातल्या गुरांसारखे नंबर द्या, एक आजारी पडलं तर दुसरं आणा. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे बाबांना सांगितलं. ते खांदमळणीच्या तयारीत होते. म्हणाले, “हे कोण्या गावचं शेत रे बाप्पा? आपल्या इथं बैलाले नाव असते. नंबर कोण देते?” अमेरिकेतल्या रँचवर बसणारी ही उपमा वऱ्हाडात सपशेल पडते, हे मान्य करावं लागलं.

सगळे सर्व्हर शंभर टक्के एकसारखे करायचे, हाही हट्ट कामाचा नाही. किती सारखं ठेवायचं आणि कुठे वेगळेपणाला जागा द्यायची, याचं चांगलं उदाहरण तालुक्यातालुक्यांत आहे. न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर निवडलं गेलं; संगणकांवर उबुंटू आलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने तयार केली. तिची रचना गाभा आणि परीघ अशी आहे: देशभर गाभा एकच, आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे बदलणारा परीघ वेगळा. गाभा एक आहे म्हणूनच 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय न्यायिक विदा ग्रिडवर सगळ्या राज्यांतले खटले एका जागी मोजता येतात. आमच्या प्लेबुकांची मांडणीही शेवटी तशीच झाली. घड्याळ, चाव्या, फायरवॉल, लॉग हा गाभा सगळ्यांना एकच. डेटाबेसची मेमरी, वेब सर्व्हरच्या मर्यादा हे गटागटाचं.

गावात राहिल्याचा एक फायदा असा, की हे ज्ञान कंपनीबाहेरही वापरता आलं. इथल्या एका महाविद्यालयाची संगणक लॅब अशीच भरकटलेली होती: काही पीसीवर पायथनची एक आवृत्ती, काहींवर दुसरी, काहींवर कंपायलरच नाही, आणि अमरावती विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर. मुलांनीच यादी केली, मुलांनीच प्लेबुक लिहिलं आणि लॅबमधल्या एका जुन्या पीसीवरून ते फिरवलं. पहिल्या फेरीत बऱ्याच ओळी लाल आल्या, कारण तितके पीसी बंदच होते. चालू करून पुन्हा फिरवल्यावर सगळे एका रांगेत आले. परीक्षेच्या दिवशी ‘सर, माझ्या पीसीवर चालत नाही’ ही तक्रार ऐकू आली नाही. त्या मुलांना तेव्हा सांगितलं, की पुण्यात 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक ज्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, ते आपल्याच जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि तो महासंगणकही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपूनच घडला होता. मुलं नंतर बराच वेळ परमविषयीच विचारत राहिली.

अँसिबल सगळं करत नाही. चुकीचं वर्णन लिहिलं तर ते चुकीचं वर्णन ऐंशी ठिकाणी इमानदारीने उतरवतं. डेटाबेसचा संथ कोड ते सुधारत नाही, आणि कंटेनर व क्लाउड वापरणाऱ्यांच्या हाती आता यापुढची साधनं आली आहेत. पण ज्या बँका, पतसंस्था, रुग्णालयं, महाविद्यालयं आणि नगरपालिका अजून स्वतःचे पाच-दहा सर्व्हर चालवतात, त्यांच्यासाठी हेच सर्वांत स्वस्त आणि लवकर शिकता येणारं साधन आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे. खर्च होतो तो फक्त लिहून काढण्याच्या वेळेचा.

आमच्या टीममध्ये आता कुणी राजीनामा दिला की हँडओव्हरला एक्सेल लागत नाही. जाणाऱ्याची चावी व्हेरिएबलच्या फाइलमधून काढायची, प्लेबुक रन करायचं, आणि काही मिनिटांत त्याची वाट सगळीकडून बंद. काम गावातून करायला कंपनीची हरकत उरली नाही, कारण कोण कुठे बसलाय यावर आता काही अवलंबून नाही.

तालुक्याच्या गावात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे: दोन जुने पीसी मिळवा, त्यांच्यावर लिनक्स टाका, एकावरून दुसऱ्याचं घड्याळ नीट करणारं प्लेबुक लिहा आणि ते दोनदा रन करून बघा. आणि ज्यांच्या संस्थेत सर्व्हर आहेत त्यांनी कुठलंही सॉफ्टवेअर आणण्याआधी आपल्याकडे नेमके किती सर्व्हर आहेत, त्यांच्यात कोणाला शिरता येतं आणि कुठला का रिस्टार्ट करायचा नाही, हे या आठवड्यात लिहून काढावं. सांगणारा माणूस अजून नोकरीत आहे तोवर.